टाळ्या पातेल्याला होत्या

पाटी गुरुवारी सकाळी घरी आली. पेंटरने ती जुन्या चादरीत गुंडाळून सायकलवरून स्वतः आणली आणि दारातूनच बजावलं, "काकू, हात ओले असतील तर पुसून या. रंग अजून कोवळा आहे."

काकूंनी हात पुसले, चष्मा लावला आणि खुर्चीला टेकवलेली पाटी वाचली. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं. अक्षरं सुरेखच होती. पेंटरचा हात गावात नावाजलेला. वर मोठ्या अक्षरात 'शूर कॅप्टन', आणि खाली लिहिलं होतं: 'रणांगणावर शत्रूची चौकी एकट्याने रोखून धरली. पायावर गोळी झेलली, पण मागे हटले नाहीत.'

काकूंनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे कोण?"

पेंटर खो खो हसला. "काय काकू, तुम्ही पण!"

काकू थट्टा करत नव्हत्या. पन्नास वर्षं ज्या माणसाबरोबर त्यांनी संसार केला, ज्याच्या शर्टाचं ग्रीस घासून घासून त्यांची नखं झिजली, तो माणूस या पाटीवर कुठे सापडेना. आठ महिन्यांपूर्वी ते गेले. दुपारचं जेवण झालं, "जरा पडतो" म्हणाले आणि पडले ते उठलेच नाहीत. आता येत्या रविवारी दहा वाजता त्यांच्या गॅरेजसमोरच्या चौकाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. नगराध्यक्ष, भाषणं, बँड, सगळं. आणि त्या चौकात हा कोण कुठला गोळी झेललेला गृहस्थ कायमचा उभा राहणार होता.

मुळात ते कॅप्टन नव्हतेच. फौजेत ते ड्रायव्हर-मेकॅनिक होते, म्हणजे त्यांच्यापेक्षा खालच्या हुद्द्यावर फक्त गाड्या. पाच वर्षांच्या नोकरीत त्यांनी बंदूक उचलली ती साफ करायला आणि गोळी झाडली ती सरावाला. तीही शेजारच्याच्या निशाणावर लागली. पाय अधू झाला हे मात्र खरं. डाव्या पायाची दोन बोटं गेली, घोटा कायमचा आखडला, आणि चालताना ते एका बाजूला असे झुकायचे की समोरच्याला वाटावं, हे आता आपल्या कानात काहीतरी सांगणार.

तो पाय कसा गेला, हे त्यांनी गावाला किती वेळा सांगितलं असेल! लढाई संपल्याचं रेडिओवर जाहीर झालं, त्याला तीन दिवस झाले होते. वर डोंगरातल्या ठाण्यावर तीनशे साठ माणसं नऊ दिवस डब्यातली बिस्किटं खाऊन बसली होती. त्यांचं जेवण घेऊन निघालेली स्वयंपाकाची गाडी खिंडीत अडकली, कारण तिच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. गाडीत एक आचारी, एक मेकॅनिक आणि मोठाली पातेली. बर्फावर जॅक लावायचा तर खाली रुंद, जाड फळी हवी. ती काढायला पाच मिनिटं लागली असती. मेकॅनिक घाईत होता. हाताशी होती ती बारकी फळी त्याने सरकवली. पाटा बदलून झाला, शेवटचा बोल्ट राहिला, आणि जॅक निसटला. गाडी पायावर.

मग आचाऱ्याने त्यांना ओढून काढलं, आणि त्यांनी बर्फात पडल्या पडल्या ओरडून ओरडून शेवटचा बोल्ट आचाऱ्याकडून आवळून घेतला. त्या बिचाऱ्याने जन्मात पाना धरला नव्हता. त्याला उजवं-डावं कळेना. शेवटी "झाकण लावतोस तसं फिरव!" म्हटल्यावर त्याला उमगलं. गाडी वर पोहोचली तेव्हा हे मागे बटाट्याच्या पोत्यांवर आडवे होते. ठाण्यावरच्या माणसांनी वाफ पाहिली आणि असा जल्लोष केला, अशा टाळ्या पिटल्या की डोंगर दणाणला.

"तुम्हाला वाटलं असेल, जखमी माणसाला बघून टाळ्या वाजवतायत?" लग्नाआधी काकूंनी विचारलं होतं.

"छे हो. मला कुणी बघितलंच नाही. टाळ्या पातेल्याला होत्या," ते म्हणाले होते.

त्याआधी ते मुलगी बघायला आले, तेव्हाचीही एक गोष्ट आहे. घरात चार वडीलधारी माणसं बसलेली, मुलीचा बाप भावी जावयाच्या पराक्रमाने भारावलेला. मुलगा खुर्चीवर टेकला आणि पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी म्हणाला, "एक सांगायचं आहे. माझा पाय लढाईत गेला नाही. स्वयंपाकाच्या गाडीखाली गेला. तेही लढाई संपल्यावर. आणि चूक माझी होती." वडील म्हणाले, "वा! काय हा विनय!" दाराआड उभी असलेली मुलगी मात्र फिस्सकन हसली. तिला ते खरं वाटलं. खोटं सांगणारा माणूस इतकं गैरसोयीचं खोटं कशाला सांगेल? ती हसलेली ऐकून मुलाचे कान लाल झाले, आणि पुढे तो आयुष्यभर म्हणत राहिला की आख्ख्या गावात आपल्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस निघालं, म्हणून त्याच्याशीच लग्न केलं.

गावाचं घोडं कुठे अडलं होतं ते सांगायला हवं. फौजेतून सुटून ते कुबडी घेऊन स्टेशनवर उतरले, तेव्हा गाव फलाटावर जमलं होतं. शाळेचे मास्तर तेव्हा ऐन उमेदीत. त्यांनी स्वागताचं भाषण ठोकलं. चौकी, शत्रू, गोळी, रक्ताची धार, सगळं त्यात आलं. ते ऐकून कुबडीवरचा माणूस हात हलवून "नाही, नाही" म्हणू लागला. मास्तर गरजले, "पाहा! खरा वीर आपल्या तोंडाने आपलं कौतुक करत नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. बस्स, तिथून पुढे या माणसाची सुटका नव्हती. तो जितकं नाही म्हणे, तितकं गाव त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवी. तो एकदा चिडून ओरडला, तर गाव हळहळलं की लढाईच्या आठवणीने बिचाऱ्याला त्रास होतो. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना गोष्टीला तिखटमीठ लागलं, आणि कुणीतरी त्यांना परस्पर कॅप्टन करून टाकलं. फौजेने पाच वर्षांत जी बढती दिली नाही, ती गावाने चहाच्या टपरीवर दिली.

शेवटी त्यांनी नाद सोडला आणि गॅरेज काढलं.

काय गॅरेज होतं ते! पत्र्याचं छप्पर, मध्ये खड्डा, खड्ड्यावर दोन फळ्या, आणि कोपऱ्यात एक स्टुलावरचा रेडिओ, जो गावातल्या सगळ्या मोटारी दुरुस्त झाल्या तरी स्वतः कधी धड झाला नाही. पण बघण्यासारखी होती ती डावीकडची भिंत. इतर गॅरेजवाले भिंतीवर नटीचं कॅलेंडर लावतात. यांनी स्वतःच्या हातून मोडलेले भाग टांगले होते. प्रत्येकाला तारेने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तारीख, गाडी आणि कबुली. 'पाण्याचा पंप. वॉशर घालायला विसरलो.' 'बंबाची झडप. उलटी बसवली. पाणी आगीवर न जाता नगरपालिकेच्या लोकांवर गेलं.' नवीन गिऱ्हाईक आलं की आधी भिंत दाखवायची, मग बॉनेट उघडायचं. "एवढं बघूनही गाडी माझ्याकडे सोडायची असेल तर सोडा," असं म्हणायचे. लोक सोडायचे, दुसरं काय. दुसरा मेकॅनिक बारा कोसांवर होता.

सध्याचे नगराध्यक्षही त्या भिंतीवर होते. त्यांच्या लग्नात वरातीच्या मोटारीचं काम कॅप्टनकडे होतं. ब्रेकच्या दिव्याची वायर आणि हॉर्नची वायर यांची गाठ पडली, आणि ब्रेकवर पाय ठेवला की हॉर्न वाजू लागला. गल्लीबोळातून, गर्दीतून, दर पाच पावलांवर भों भों करत ती वरात निघाली. नवरी आधी लाजली, मग रडकुंडीला आली, आणि शेवटी इतकी हसली की तिच्या डोळ्यांतलं काजळ हनुवटीवर आलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर वायरचा तुकडा लटकला.

काकूंना त्या गॅरेजने घर दिलं, पण मोटार कधी दिली नाही. स्वतःची गाडी घेणं कॅप्टनना कधी सुचलंच नाही. "गावातल्या सगळ्या गाड्या आपल्याच आहेत की," म्हणायचे. गाडी दुरुस्त झाली की ट्रायल हवी, आणि ट्रायलला एकटं जाऊन कसं चालेल? मागे वजन नको? मग काकू आणि लेक वजन म्हणून जायच्या. डॉक्टरांच्या मोटारीतून त्या तळ्यावर गेल्या, बेकरीच्या गाडीतून पावाच्या वासात टेकडीवर गेल्या, आणि एकदा तर शवागाराच्या गाडीतून आईस्क्रीम खायला गेल्या. रस्त्यावरच्या माणसांनी टोप्या काढल्या. मागे लेक आईस्क्रीम चाटत त्यांना हात करत होती. काकू लाजेने अर्ध्या झाल्या. कॅप्टन म्हणाले, "गिअर मात्र लोण्यासारखा पडतोय."

असा माणूस. त्याच्याबद्दल लिहायचं तर केवढं होतं! आणि यांनी काय लिहिलं, तर चौकी रोखून धरली.

गेल्या वर्षी एकदा संध्याकाळी ते ओट्यावर पाय चोळत बसले होते. उगाचच म्हणाले, "मी गेल्यावर हे लोक माझं काहीतरी करून ठेवणार बघ. पुतळा नाही, तेवढा पैसा नाही त्यांच्याकडे. पण काहीतरी."

"करू देत की," काकू म्हणाल्या.

"करू देत. पण मग तिथे मी नसेन, दुसराच कुणीतरी असेल. तू सांगशील ना?"

"सांगेन," काकू म्हणाल्या होत्या. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

आता त्या पदर खोचून नगराध्यक्षांकडे गेल्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि डोळे पुसले. "काकू, धन्य आहात. ते तसे आणि तुम्हीही तशाच." काकू म्हणाल्या, "अरे बाबा, मी खरं सांगतेय." ते म्हणाले, "तेही असंच म्हणायचे." काकू चहा तसाच ठेवून उठल्या.

त्या लेकीकडे गेल्या. लेक त्याच गॅरेजमध्ये बापाची गादी चालवत होती. खड्ड्यातून तिने डोकं वर काढलं, गालावर काळा पट्टा. आईचं ऐकून ती हातातला पाना पुसत राहिली.

"आई, रागावू नकोस. पण बाबा मला पण हेच सांगायचे. मला नेहमी वाटायचं, मी घाबरेन म्हणून ते लढाईचं सांगत नाहीत."

काकू तिथल्या उलट्या डब्यावर मटकन बसल्या. पोटची पोर! त्या क्षणी त्यांना नवऱ्याची जितकी आठवण आली, तितकी गेल्या आठ महिन्यांत आली नव्हती. खरं माहीत असणारी या जगात आता आपण एकटीच उरलो, आणि उद्या आपणही गेलो की तो खिंडीतला, बर्फात पडून झाकण लावायला शिकवणारा माणूस कुणाच्याच लेखी नसेल. त्याचीच त्यांना भीती वाटली, आणि ती त्यांनी लेकीला बोलून दाखवली. लेक म्हणाली, "रविवारी तू बोल. मी बाजूला उभी राहते."

रविवारी चौक फुलून गेला. पाटीवर पडदा होता. बँडने एक धून वाजवली, नगराध्यक्ष बोलले, चौकी पुन्हा एकदा रोखली गेली. पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी ठेवून मास्तर बसले होते. नव्वदी गाठलेली, पण कॉलर कडक. मग काकूंच्या हातात माईक आला.

त्यांनी सगळं सांगितलं. रेडिओ, तीन दिवस, पाटा, फळी, जॅक, बटाट्याची पोती. "त्यांना गोळी लागली नाही. त्यांनी चौकी पाहिलीसुद्धा नाही. ते मेकॅनिक होते."

मागून कुणीतरी टाळी वाजवली, दुसऱ्याने साथ दिली, आणि आख्खा चौक कडकडाट करू लागला. "वा, काकू! काय मोठं मन!" बायका पदराने डोळे टिपू लागल्या. पेंटरने शिट्टी मारली.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावन्न वर्षांपूर्वी फलाटावर कुबडी घेऊन उभ्या असलेल्या पोराला काय वाटलं असेल, ते त्यांना आत्ता कळलं. टाळ्या थांबेपर्यंत त्या थांबल्या. मग माईक घेऊन सरळ पहिल्या रांगेसमोर गेल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुम्ही भाषणाला उभे राहण्याआधी त्यांनी फलाटावर तुमच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. ते मला नेहमी म्हणायचे, मी मास्तरांना सांगितलं होतं, पण बँडमुळे त्यांना ऐकू गेलं नसेल. मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आज विचारते. ऐकू आलं होतं का?"

मास्तरांनी हनुवटी काठीवरून उचलली. माईक त्यांच्या तोंडापुढे होता, आणि त्यांचा श्वास चौकभर ऐकू येत होता.

"बँड तोवर सुरूच झाला नव्हता," मास्तर म्हणाले.

चौकातल्या माना पुढे झाल्या.

"तो म्हणाला, मास्तर, पाय गाडीखाली सापडला, लढाईचं काही बोलू नका. मला स्वच्छ ऐकू आलं. पण पोरी, मी तीन दिवस ते भाषण पाठ केलं होतं! आरशासमोर! माझ्याकडे दुसरं भाषणच नव्हतं गं." त्यांचा आवाज चिरका झाला. "मला वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे त्याला खांद्यावर घेऊन नाचत होतात. मग परवा सांगू म्हटलं. मग राहिलंच."

"बावन्न वर्षं?" नगराध्यक्षांच्या तोंडून गेलं.

"दर महिन्याला तो माझी स्कूटर बघायला यायचा," मास्तर म्हणाले. "एकदाही त्याने ती गोष्ट काढली नाही. मला वाटतं, त्याने बँडवर ढकललं ते माझ्यासाठीच."

आधी लेक हसली. तिच्या आईसारखीच, फिस्सकन. मग बेकरीवाला, मग पेंटर, आणि मग हसू गर्दीतून पसरत गेलं. कुणी कपाळाला हात लावला, कुणी शेजाऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. "म्हणजे बटाट्यांवर झोपून आले?" कुणीतरी ओरडलं. "झाकण लावतोस तसं फिरव!" दुसरा ओरडला. नगराध्यक्षांच्या बायकोने माईक खेचून घेतला आणि आपल्या वरातीची गोष्ट सांगितली, भों भों सकट. मग जो तो पुढे येऊ लागला. कुणाचा ट्रॅक्टर, कुणाची शिवणाची मशीन, कुणाची चाकाची खुर्ची त्यांनी कशी बसवून दिली आणि तिला आरसाही लावला. तासभर नुसता गलका. गोळी झेललेल्या माणसाबद्दल या लोकांकडे सांगायला एक ओळ होती. मेकॅनिकबद्दल थांबायचं नावच घेत नव्हते. मास्तर रडत रडत हसत होते. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

शेवटी नगराध्यक्षांनी कपाळ पुसलं. "पण काकू, पाटीचं काय करायचं? पाटी तयार आहे."

"मागची बाजू कोरी आहे," पेंटर म्हणाला. त्याने पडदा काढला, पाटी खिळ्यांवरून उतरवली आणि उलटी करून मांडीवर घेतली. डबा, ब्रश त्याच्या सायकलला होतेच. "सांगा, काय लिहू? कॅप्टन काढू?"

"कॅप्टन राहू दे," काकू म्हणाल्या. "ते तुम्ही ठेवलेलं नाव आहे. त्यांना सवय झाली होती. खाली मेकॅनिक लिही. आणि मग झालं ते लिही."

पेंटरने लिहायला घेतलं. चौकातली माणसं त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती, आणि प्रत्येकाला आपल्याला काहीतरी कळतंय असं वाटत होतं. "बर्फ लिही." "खिंड आधी." लेकीने दोघांना कोपराने मागे सारलं. शेवटचं अक्षर झालं तेव्हा पेंटरने पाटी वर धरली. 'कॅप्टन. मेकॅनिक. लढाई संपल्यावर तिसऱ्या दिवशी यांनी खिंडीत स्वयंपाकाची गाडी दुरुस्त केली. चारशे माणसांना नऊ दिवसांनी गरम जेवण मिळालं.'

"तीनशे साठ," काकू म्हणाल्या.

"काकू, चारशे भरदार दिसतं."

"तीनशे साठ."

पेंटरने निमूटपणे आकडा पुसला आणि बदलला. मग त्याने पाटी पुन्हा वर केली, उन्हात, काकूंना नीट दिसेल अशी. ओला रंग चमकत होता. काकूंनी चष्मा पुसून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं, सावकाश, एकेक अक्षर. त्यांच्या तोंडावर हसू पसरलं आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि त्यांनी दोन्हींपैकी काहीच आवरलं नाही.

"हं," त्या चौकाला म्हणाल्या, "हे आमचे."